पाच टक्क्यांतला पंखा

आमच्या संस्थेच्या ठाण्यातल्या कार्यालयात छताला एक पंखा आहे. तो कोणत्या प्रकल्पात बसतो, हे अजून ठरलेलं नाही.

पंख्याखाली तीन टेबलं. पहिल्यावर बालवाड्यांचा प्रकल्प, दुसऱ्यावर पिण्याच्या पाण्याचा, तिसऱ्यावर बचत गटांचा. भिंतीकडच्या चौथ्या टेबलावर हिशोबाचे काका बसतात. ते कुठल्याच प्रकल्पात नाहीत, त्यामुळे त्यांच्या दिशेने गेलेला वारा कुठे दाखवायचा हा प्रश्न दर वर्षी उभा राहतो. लेखापरीक्षक येतात, खुर्चीत टेकतात, मान वर करून पंख्याकडे बघतात आणि विचारतात, “ह्याची वीज कशात टाकलीत?” बालवाड्यांना पैसे देणाऱ्यांनी करारात लिहून घेतलंय की पै न् पै मुलांपर्यंत गेली पाहिजे. पाणीवाल्यांना फक्त पाइप, टाकी आणि सिमेंट चालतं. बचत गटांचे देणगीदार त्यातल्या त्यात मोकळ्या मनाचे. त्यांना पंखा मान्य आहे, पण तो पाड्यावर हवा, ठाण्यात नको. शेवटी काका एक तक्ता करतात आणि डोकी मोजून पंख्याचं बिल तीन टेबलांत वाटतात. पाण्याच्या टेबलावरची ताई महिन्यातले निम्मे दिवस फील्डवर असते; तेव्हा तिच्या वाट्याचा वारा बालवाडीवाले खातात का, असं लेखापरीक्षकांनी एकदा हसत विचारलं होतं. काकांनी उत्तर लेखी दिलं.

संस्थेत काम करणं म्हणजे नक्की काय, असं कोणी विचारलं तर मी आधी हा पंखा दाखवतो. चांगलं काम व्हावं असं सगळ्यांनाच वाटतं. ते खुर्चीत बसून, उजेडात, अधूनमधून चहा पिऊन होतं, हे मात्र कोणाला ऐकवत नाही. देणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं: त्याच्या खिशातून निघालेली शंभराची नोट वाटेत कुठेही न थांबता, कुणाचाही हात न लागता, थेट आम्ही काम करतो त्या मोखाड्याच्या पोराच्या हातात पडते. शिवाय ती पडल्याची पावती, फोटो आणि सहामाही अहवालही त्याला हवा असतो. तो अहवाल त्या पोराने लिहावा अशी त्याची अपेक्षा असावी.

पूर्वी हे सगळं भिडेखातर चालायचं. संस्थेचे भाऊ गिरगावातल्या किंवा मुलुंडच्या एखाद्या व्यापाऱ्याकडे जायचे, तो चहा पाजायचा, चेक लिहायचा आणि पुन्हा दिवाळीपर्यंत तोंड दाखवू नका अशा अर्थाचं हसायचा. मग २०१३ चा कंपनी कायदा आला. त्याच्या १३५ व्या कलमाने १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजकार्यावर, म्हणजे सीएसआरवर, खर्च करायला लावले. तेव्हापासून आम्ही शेटजींना नाही, सीएसआर विभागाला भेटतो. तिथे काचेपलीकडे बहुधा आमच्यातूनच गेलेली मुलगी बसलेली असते. तीन वर्षं आमच्याबरोबर मोखाड्याच्या वाटेवर खोडाळ्याच्या जीपला लोंबकळलेली असल्यामुळे आमच्या प्रस्तावात कुठे काय लपलंय हे तिला पाठ असतं. “दादा, ‘समुदाय संघटन साहित्य’ म्हणजे सतरंजी ना?” असं ती प्रेमाने विचारते आणि सतरंजी काढून टाकते.

पाच टक्क्यांचं प्रकरण असंच. कंपनीने सीएसआरच्या कारभारावर एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांहून जास्त खर्च करू नये असा नियम आहे. नीट वाचला तर तो कंपनीच्या स्वतःच्या खर्चाबद्दलचा आहे. पण कोणत्याही नियमाला वरून खाली झिरपायची ओढ असते. झिरपत झिरपत तो आमच्या पंख्यापर्यंत आला आणि आता काका, त्यांची खुर्ची, कार्यालयाचं भाडं, इंटरनेट, शाई संपलेला प्रिंटर आणि झाडू एवढा सगळा संसार त्या पाचांत मावावा असं आम्हाला सांगितलं जातं. परदेशी पैशाचं वेगळं. तिथे प्रशासनखर्चाची मर्यादा आधी ५० टक्के होती, २०२० च्या दुरुस्तीने ती २० वर आली. शिवाय परदेशातून येणारा पैसा आधी नवी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरला पाहिजे असं ठरलं. त्यामुळे काका जन्मात कल्याणच्या पुढे गेले नसले तरी त्यांचं एक खातं संसद भवनाच्या शेजारी आहे. ते याचा उल्लेख लग्नसमारंभात करतात.

आणि कागद! प्राप्तिकराचं १२-ए, ८०-जी. देणगीदारांची यादी १०-बीडीत, त्यांची प्रमाणपत्रं १०-बीईत. परदेशी पैशाचा एफसी-४, कंपन्यांसाठी सीएसआर-१, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर वेगळी नोंदणी. शिवाय धर्मादाय आयुक्त आहेतच, १९५० च्या कायद्यापासून. विश्वस्तांत काही बदल झाला तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. आमच्यासारख्या जुन्या संस्थेत बदल बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो. तेराव्यापर्यंत त्या घरी कागदावर सह्या मागायला जाणं बरं दिसत नाही, त्यामुळे हातात ७७ दिवस उरतात, असा काकांचा हिशोब आहे.

कार्यालयातली एकही वस्तू आम्ही विकत घेतलेली नाही. एका बँकेने शाखा नवी केली तेव्हा तिची जुनी टेबलं आमच्याकडे आली. माझ्या टेबलावर अजून ‘रोख भरणा’ अशी पाटी आहे आणि नवखी माणसं तिच्यासमोर आपोआप रांगेत उभी राहतात. संगणक एका कंपनीने ‘डिजिटल सक्षमीकरणा’त दिले, ते सुरू होईपर्यंत बालवाडीत एक मूल चालायला लागतं. लोक आम्हाला काहीही देतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला आणि ‘तुमच्याकडे कपडे स्वीकारता का?’ असे फोन सुरू झाले. भाऊ हो म्हणून बसले. दोन दिवसांत जिन्यापर्यंत गाठोडी. त्यांत उत्तम साड्या होत्या, नव्या चादरी, नवी ब्लँकेटं होती, खोटं कशाला बोला. पण रिसेप्शनचा जरीचा शेरवानीसूट होता, एकाच पायाचे बूट होते, शाळेच्या स्नेहसंमेलनातला वाघाचा पोशाख शेपटीसकट होता. कुठल्या तरी आजोबांचा वकिलीचा काळा कोट निघाला, त्याच्या खिशात १९९४ च्या तारखेची चिठ्ठी. पूरग्रस्ताने घरातला गाळ उपसताना वाघ व्हावं की वकील, हे देणाऱ्याने त्याच्यावर सोपवलं होतं. हे सगळं निवडायला आम्ही सहा माणसं आठवडाभर बसलो आणि त्या आठवड्याचा पगार कोणत्या प्रकल्पात टाकायचा, यावर काकांनी पुन्हा एक तक्ता केला.

भाऊंबद्दल सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या संस्थांचे संस्थापक एका विशिष्ट पिढीचे असतात. पंचाहत्तर साली ते विशीत होते. कोणी युक्रांदमध्ये, कोणी सेवा दलात, कोणी जयप्रकाश नारायणांच्या हाकेवर संघर्ष वाहिनीत. आणीबाणीत तुरुंगात गेले, तिथे उत्तम माणसं भेटली, बाहेर आले ते थेट कुठल्यातरी पाड्यावर. त्यांनी जे केलं ते करायची आमची ताकद नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. अडचण एवढीच की प्रत्येक चर्चेला ती एक उंची येते. तुम्ही प्रवासभत्त्याचा विषय काढावा, आणि भाऊंनी शांतपणे सांगावं की नाशिकच्या तुरुंगात अठरा माणसांत एक तांब्या होता. यावर प्रवासभत्ता मागून दाखवा.

संस्थेत कोणी साहेब नसतं. सगळे ताई, दादा, भाऊ, काका. ऐकायला गोड वाटतं. पण साहेबाकडे रजा मागता येते; मोठ्या बहिणीकडे रजा मागितली की ती विचारते, “का रे, बरं नाही का? घरी काही झालं का?” आणि तुम्हाला फक्त सिनेमा बघायचा असतो. साहेबावर रागावून राजीनामा देता येतो. भाऊंवर रागावलो तर ते रात्री घरी येतात, माझ्या आईच्या हातची भाकरी खातात आणि विषय संपतो. बैठक सतरंजीवर, गोलात, गाण्याने सुरू होते. कोणी वर नाही, कोणी खाली नाही. पन्नाशी उलटलेल्यांपैकी कोणी उठूही शकत नाही. निर्णय एकमताने होतात. एकमत कशावर व्हायचं आहे हे भाऊंनी सकाळी ठरवलेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत आम्ही चर्चा करत करत तिथे पोचतो.

त्यागाची ही रीत मात्र जुनी आहे, भाऊंची नव्हे. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिच्या आजीव सभासदांनी महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायचं व्रत घेतलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ते निभावलं, वर सुट्टीत गावोगाव फिरून फर्ग्युसनसाठी देणग्याही जमवल्या. टिळक १८९० मध्ये बाहेर पडले. वादाची कारणं बरीच होती, पण सभासदांनी बाहेरची कामं आणि बाहेरची कमाई करावी की नाही, हे त्यांतलं एक मोठं कारण होतं. टिळकांनी चांगलं लांबलचक राजीनामापत्र लिहिलं. आजही आमच्या क्षेत्रातला कोणी बाहेर पडला की रात्री दोन वाजता सर्व विश्वस्तांना एक मेल येतो, त्यात पहिल्या परिच्छेदात मूल्यं, दुसऱ्यात वेदना आणि सातव्यात थकलेला प्रवासभत्ता असतो. परंपरा एकशेतीस वर्षांहून जुनी आहे, हे बघून मला तो मेल वाचताना आदर वाटतो.

आता फील्ड. आमचं काम मोखाड्यात. ठाण्याहून कसाऱ्याची लोकल, तिथून जीप, खोडाळा, पुढे मिळेल ते. धो धो पावसाचा तालुका, मुंबईला पाणी पाजणारी वैतरणा इथूनच वाहते, आणि मार्च लागला की पाड्यांवर टँकर. हा विरोधाभास आमच्या प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात असतो. तो आम्ही इतक्या वेळा लिहिलाय की आता आम्हालाच त्याचं आश्चर्य वाटत नाही.

इथल्या माणसाचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. भात, नागली, वरई. दसरा-दिवाळीला कापणी. दिवाळी झाली की घरंच्या घरं भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. मुलं, कोंबड्या, भांडी घेऊन. होळीला गावी येतात, कारण होळी सोडून चालत नाही, पुन्हा जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. देणाऱ्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. एप्रिलमध्ये त्यांचं बजेट ठरतं, जूनमध्ये आमचा प्रस्ताव जातो, ऑगस्टमध्ये त्यांच्या समितीची बैठक पुढे ढकलली जाते, ऑक्टोबरमध्ये मंजुरी येते, करारावर सह्या होऊन पहिला हप्ता पडतो तो डिसेंबरात. त्या पैशातून पहिलं काम कोणतं, तर ‘बेसलाइन सर्वेक्षण’: गावातल्या प्रत्येक कुटुंबाला भेटून बासष्ट प्रश्न विचारायचे.

डिसेंबरात पाड्यावर कोण असतं? दोन म्हातारे, एक कुत्रा आणि शेजारच्या संस्थेचा सर्वेक्षक.

त्या दोन म्हाताऱ्यांची मी मनापासून काळजी करतो. सगळ्या तालुक्याची सरासरी त्यांच्यावर उभी आहे. त्यांच्यामुळे एका अहवालात आमच्या लाभार्थ्यांचं सरासरी वय ६८ आलं आणि प्रकल्प कुपोषित बालकांचा होता. आम्ही मग भट्टीवर जाऊन सर्वेक्षण करायचं ठरवलं. तेच खरं तर शहाणपणाचं, मुलं तिथेच आहेत. पण देणगीदारांच्या नकाशात प्रकल्पक्षेत्र म्हणजे मोखाडा. भिवंडीला केलेला बसखर्च ‘क्षेत्राबाहेर’. माणूस क्षेत्राबाहेर गेला तर चालतं, त्याच्या मागे गेलेलं तिकीट चालत नाही.

लॉगफ्रेम नावाचा एक तक्ता असतो. अमेरिकेच्या सरकारी मदत खात्यासाठी तो १९६९ च्या सुमारास बनवला गेला आणि तिथून जगातल्या प्रत्येक गरीब गावात पोचला. जिथे रस्ता पोचला नाही तिथेही पोचला. चार रकाने: काय करणार, कशावरून समजेल, पुरावा काय आणि शेवटी ‘गृहीतके’. पहिल्या तीन रकान्यांवर भांडणं होतात, चौथा कोणी वाचत नाही. आमचा सगळा मोखाडा त्या चौथ्यात आहे. पाऊस वेळेवर पडेल. लोक गावात असतील. ग्रामसेवकाची बदली होणार नाही. जीप मिळेल.

तर डिसेंबरात आलेले पैसे ३१ मार्चच्या आत खर्च करायचे असतात. फेब्रुवारीच्या अखेरीस फोन फार गोड होतात. वर्षभर ‘बघतो, कळवतो’ म्हणणारी कंपनी स्वतःहून विचारते, “दादा, थोडा निधी शिल्लक आहे, तुम्ही घ्याल का?” घेतो की. “मात्र तो पर्यावरणात आहे. पाच हजार झाडं लावायची.” कधी? “मार्चमध्ये.” मी सांगितलं, मार्चमध्ये तिथे माणसांना टँकर लागतो. पलीकडे थोडा विचार झाला आणि उत्तर आलं, “मग टँकर त्याच बजेटमध्ये टाका.” मला जूनपर्यंत मुदत मागायची होती. पण जून पुढच्या वर्षात येतो, आणि पुढच्या वर्षी त्यांचा विषय पर्यावरण नाही, कौशल्यविकास आहे. आम्ही नाही म्हणालो. पैसे कुठे तरी गेले असतील. कुठल्याशा उघड्या माळावर खड्डे तेवढे असतील.

ऑक्टोबरची गंमत वेगळी. १५ ऑक्टोबर हा जागतिक हात धुण्याचा दिवस आणि आपल्या राज्यात तोच वाचन प्रेरणा दिन, कलामांच्या जयंतीचा. आमच्या पाण्याच्या प्रकल्पाला हात धुवायचे असतात, शेजारच्या संस्थेला पुस्तकं वाचायची असतात, आणि शाळा एकच, पोरंही तीच. गुरुजींनी तोडगा काढला. आधी हात, मग पुस्तक. पण आमच्या फोटोत अक्षांश-रेखांश उमटले नव्हते, रेंज नव्हती. म्हणून पुस्तकं खाली ठेवून मुलांनी पुन्हा हात धुतले. मग उजेड चुकीच्या बाजूने होता. तिसऱ्यांदा धुतले तेव्हा एका मुलीने गुरुजींना विचारलं, “सर, आज एवढं कसलं जेवण आहे?”

पाडा आता आम्हाला पुरता ओळखतो. गावाचा ‘सामाजिक नकाशा’ काढायचा एक प्रकार आहे. लोकांनी स्वतः जमिनीवर रांगोळीने घरं, विहिरी, रस्ते दाखवायचे आणि आपण बाजूला उभं राहून शिकायचं. संकल्पना फार सुंदर आहे आणि सुरुवातीच्या काळात त्यातून खूप काही कळायचं. पण या तालुक्यात इतक्या संस्था येऊन गेल्यात की मी रांगोळीची पिशवी काढली तेव्हा एका बाईने विचारलं, “घरं कुठल्या रंगात? मागच्यांना हिरव्यात पाहिजे होती.” नकाशा दहा मिनिटांत तयार झाला. विहीर दाखवली होती ती बुजून गेली होती, पण मागच्या नकाशात होती म्हणून ठेवली.

खरेदीचंही तसंच. दोनशे माणसांच्या जेवणाला सरपण आणि तांदूळ घ्यायचा, तर तीन कोटेशन हवीत. पाड्यावर दुकान एक. दुकानदार आम्हाला जुना सरावलेला, त्याने विचारलं, “तिन्ही मीच आणून देऊ का?” तीनही आली. एक निळ्या शाईत, एक काळ्या, एक हिरव्या. तिघांचंही ‘तांदूळ’ एकाच पद्धतीने चुकलेलं. सर्वांत कमी दर अर्थातच त्याचा. काकांनी तिन्ही फायलीला लावली आणि लेखापरीक्षकांनी यंदा प्रक्रिया उत्तम पाळल्याबद्दल शेरा दिला.

मग देणगीदारांची भेट. आदल्या दिवशी बॅनर येतो. बॅनरवर त्यांचं नाव मोठं, आमचं लहान, गावाचं नाव राहून गेलेलं. पाहुणे दहाला यायचे ते दोनला येतात, कारण कसारा घाटात उतरून फोटो काढलेले असतात. बायका कामं सोडून सकाळपासून बसलेल्या. तारपा वाजतो, पाहुण्यांना नाचात ओढलं जातं, त्यांच्या बुटांची माती होते आणि ते सुखावतात. नागलीची भाकरी खाऊन ते म्हणतात की शहरात हेच पाचपट महाग मिळतं. मग एक जण खाली बसतो, शक्य तितका जमिनीजवळ, आणि समोरच्या आजीला विचारतो, “आजी, या प्रकल्पामुळे तुमच्या आयुष्यात काय बदल झाला?”

आम्ही श्वास रोखतो. बचत गटाच्या दोन-तीन बाया या प्रश्नाचं उत्तर झोपेतही देतील, त्यांना पुढे बसवलेलंही असतं. पण पाहुण्यांना नेमकी मागची आजी खरी वाटते. आजीने बराच विचार केला आणि म्हणाली, “यंदा पाऊस बरा झाला.”

दुभाष्याची जबाबदारी माझ्यावर होती. मी ती पार पाडली. वार्षिक अहवालात आजीचा फोटो पूर्ण पान आहे आणि त्याखाली पाण्याच्या उपलब्धतेत झालेल्या सकारात्मक बदलाबद्दल दोन ओळी आहेत. चुकीचं एक अक्षर नाही.

पगाराबद्दल काय सांगू? तो आहे. माझ्या बरोबरीचे इंजिनिअर दिवाळीत भेटतात, गाड्यांबद्दल बोलतात आणि माझ्याकडे वळल्यावर आवाज जरा खाली आणतात. “पण तुला समाधान मिळत असेल ना?” मी हो म्हणतो. मिळतंही. पण ते असं विचारतात की जणू त्यांनी ते मला महिन्याच्या महिन्याला पाठवलं होतं आणि पोचलं का एवढंच बघतायत. माझ्या काकूंना वाटतं मी फुकट काम करतो आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. पगार मिळतो हे कळलं तेव्हा त्या दोन दिवस नीट बोलल्या नाहीत. घरासाठी कर्ज काढायला गेलो तर बँकेतल्या तरुणाने विचारलं, “पद?” प्रकल्प समन्वयक. “प्रकल्प कधीपर्यंत आहे?” मार्चपर्यंत. “आणि कर्ज?” वीस वर्षं. त्याने पेन खाली ठेवलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. इतक्या सहानुभूतीने मला देणगीदारही वागवत नाहीत.

बचत गटाच्या बायका मात्र या सगळ्यात हुशार निघाल्या. गेल्या वर्षी आमचा दुसरा हप्ता अडकला. प्रस्तावातला ‘आउटपुट’ आम्ही ‘आउटकम’च्या रकान्यात लिहिला होता, की उलट. पगार थांबले. ठाण्यात आम्ही भावाकडून, मेव्हण्याकडून निभावून नेलं, पण आमचा फील्डवरचा दादा शेजारच्याच पाड्यावरचा. त्याचा सगळा पगार मोटरसायकलच्या पेट्रोलमध्ये आणि आईच्या औषधात जातो. मी बचत गटाच्या बैठकीला गेलो तेव्हा ओसरीवर बाया जमल्या होत्या. मागे देणगीदारांच्या भेटीतला बॅनर, आता पावसाच्या झडीला अडसर म्हणून लावलेला. दादा रजिस्टर उघडून बसला. अध्यक्षाबाई म्हणाल्या, “दादा, तुमचा पगार नाय झाला ना?”

“कोण म्हणालं?”

“गाडी कुठंय? दोन बैठका झाल्या, चालत येताय.”

दादा काही बोलला नाही. बायांनी आपसात कुजबुज केली आणि अध्यक्षाबाईंनी जाहीर केलं की गट त्याला कर्ज देईल. त्यावर सचिवबाईंनी हरकत घेतली: दादा गटाचे सभासद नाहीत, बाहेरच्याला कर्ज देता येत नाही. नियम बरोबर होता, आम्हीच शिकवला होता. पंचसूत्रीच पाठ करून घेतली होती: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित हिशोब. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की दादाची आई गटात आहे. कर्ज तिच्या नावावर. शेकडा दोन. अर्ज लागेल, कारण लिहावं लागेल, दोन जामीनदार लागतील. “आणि पैसे कशात घातले त्याची पावती आणा पुढच्या बैठकीला,” सचिवबाई म्हणाल्या. “पेट्रोलची वेगळी, औषधाची वेगळी.”

दादा सवयीने रजिस्टरमध्ये लिहायला लागला. अध्यक्षाबाईंनी ते त्याच्या पुढ्यातून ओढून घेतलं. घेणाऱ्याने लिहायचं नसतं, असं त्या म्हणाल्या, आणि सातवीतल्या नातीला हाक मारून तिच्याकडून ठराव लिहून घेतला. पैसे दोनदा मोजले. दादाने हात पुढे केला तेव्हा खजिनदारबाई म्हणाल्या, “थांबा,” आणि परकराच्या खिशातून मोबाइल काढला.

“जरा उजेडात सरका. बॅनर मागं दिसू दे. आणि हसा की थोडं.”